स्लॅब भरण्याआधी भांडून घ्या: नाशिकच्या बांधकामात डिजिटल साधनं नेमकी कुठे कामाला येतात

गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याला सात मजल्यांची एखादी इमारत उभी राहत असते, तेव्हा तिच्या एकाच मजल्याची किती ड्रॉइंग फिरत असतात? आर्किटेक्टच्या कॉम्प्युटरवर एक. आरसीसी कन्सल्टंटच्या, म्हणजे कॉलम-बीमची रचना ठरवणाऱ्याच्या, मेलमध्ये दुसरं. साइट सुपरवायझरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फायनल नवीन २’ नावाचं तिसरं. आणि सेंटरिंगवाल्याच्या खिशात घामाने मऊ पडलेली चौथी प्रिंट. काम होतं ते या चौथीवरून.

बांधकामातलं डिजिटल तंत्रज्ञान म्हटलं की ड्रोन, रोबो, घर छापणारी यंत्रं असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. पण यातल्या बहुतेक साधनांचा खरा उपयोग फार साधा आहे. जो निर्णय आपल्याकडे स्लॅब भरल्यावर होतो, तो आधी करायला ती भाग पाडतात. आधी ठरवण्याची सवय नसेल तर सॉफ्टवेअर विकत घेऊन फारसं काही हाती लागत नाही. नाशिकमध्ये हे आत्ता बोलायला हवं, कारण २०२७ च्या सिंहस्थाची सरकारी कामं आणि खासगी गृहप्रकल्प एकाच वेळी चालू आहेत. माणसं तीच, मिस्त्री तेच, आरएमसी (तयार कॉंक्रीट पुरवणारे) प्लांट तेच. चुकलेलं तोडून पुन्हा करायला कोणाकडेच वेळ नाही.

बिम म्हणजे काय

बिम हे नाव वापरलं की बीम, म्हणजे तुळई, समजण्याचा घोटाळा साइटवर हमखास होतो. हे बिम वेगळं. ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’चं ते लघुरूप. साध्या कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नेहमीच्या ड्रॉइंगमध्ये, भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. त्या भिंतीच्या आहेत हे फक्त बघणाऱ्याला कळतं. बिममध्ये भिंत ही भिंत म्हणूनच नोंदलेली असते. तिची जाडी, उंची, विटेची की ब्लॉकची, कोणत्या मजल्यावर, सगळं तिच्यासोबत असतं. खिडकी हलवली की प्लॅन, सेक्शन आणि एलेव्हेशन तिन्ही आपोआप बदलतात, आणि प्लास्टरचं क्षेत्रफळही.

याचा फायदा आकडे मांडूनच कळेल. समजा स्टिल्टचा, म्हणजे तळाचा पार्किंगचा, मजला ३.३ मीटरचा आहे. बीम स्लॅबसकट ६०० मिलिमीटर खोल, म्हणजे बीमचा तळ २.७ मीटरवर. त्याखालून वरच्या संडासांची ११० मिलिमीटरची लाइन न्यायची आहे. मैलापाणी वाहायला उतार हवा. ६० ला १ धरला तर १२ मीटरच्या धावेत पाइप २०० मिलिमीटर खाली उतरतो. बीमला अगदी चिकटून सुरुवात केली तरी शेवटी पाइपचा तळ २.३९ मीटरवर येतो. क्लॅम्पची जागा आणि स्प्रिंकलरची लाइन अजून बाकीच आहे. गाड्यांसाठी २.४ मीटर मोकळी उंची हवी असेल, तर ती गेली.

आर्किटेक्टचं ड्रॉइंग बरोबर आहे, आरसीसीवाल्याचं बरोबर आहे, प्लंबिंगचंही बरोबर आहे. तिन्ही एकावर एक ठेवली की चूक दिसते. आणि आपल्याकडे ती एकावर एक ठेवली जातात थेट साइटवर, प्लंबर शिडीवर चढतो तेव्हा. मग कोअर कटिंगवाल्याला फोन जातो, भरलेल्या बीमला भोक पडतं, आणि त्या भोकात कोणती सळई कापली गेली हे विचारायला कन्सल्टंट नसतो. बिममध्ये तिन्हींची मॉडेल एकत्र केली की सॉफ्टवेअर जिथे पाइप बीममधून जातोय ती प्रत्येक जागा लाल करून दाखवतं. याला ‘क्लॅश डिटेक्शन’ म्हणतात. लाल ठिपका पुसायला कोणाला तरी निर्णय घ्यावा लागतो: पाइपचा मार्ग बदला, बीमची खोली कमी करा, नाहीतर बीममध्ये आधीच पाइपसाठी स्लीव्ह, म्हणजे रिकामी नळी, ठेवा. भांडण तेच, फक्त ते कॉंक्रीट ओतण्याआधी होतं.

ही काही प्रयोगशाळेतली गोष्ट राहिलेली नाही. ब्रिटनने केंद्र सरकारच्या खरेदीतल्या बांधकामांसाठी २०१६ पासून बिम सक्तीचं केलं. आपल्या जवळचं उदाहरण नागपूर मेट्रोचं. तिथे महामेट्रोने ‘फाइव्ह-डी बिम’ वापरलं. तीन मिती आकाराच्या, चौथी वेळापत्रकाची, पाचवी खर्चाची.

मग आपल्याकडे का रुळत नाही?

सॉफ्टवेअरची किंमत हे सगळ्यात सोपं उत्तर. लायसन्स दरवर्षी भरावं लागतं, चांगला कॉम्प्युटर लागतो, शिकलेला माणूस टिकत नाही, पुण्याला निघून जातो. हे सगळं खरं आहे. पण माझ्या मते खरी अडचण पैशाच्या वाटणीत आहे. मॉडेल करायला मेहनत आर्किटेक्टची. त्यातून वाचलेले पैसे कॉन्ट्रॅक्टरचे किंवा बिल्डरचे. आर्किटेक्टची फी मात्र तीच, चौरस फुटावर ठरलेली. ज्याला फायदा त्याने खर्च उचलायचा, ही बोलणी सुरुवातीला कोणी करतच नाही.

दुसरी अडचण क्रमाची. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, आली. नकाशे ऑनलाइन दाखल होतात आणि सामासिक अंतरं, चटई क्षेत्र, पार्किंग हे सॉफ्टवेअर तपासतं. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की आपण डिजिटल झालोच. पण मंजुरीच्या त्या नकाशात प्लंबिंगची लाइन किंवा बीमची खोली नसते. तो नियमांचा नकाशा, बांधायचा नव्हे. मंजुरी हातात येताच खोदाई सुरू होते आणि वर्किंग ड्रॉइंग एकेक मजल्यामागे धावत येतात. पहिला स्लॅब भरला जातो तेव्हा चौथ्या मजल्याचं प्लंबिंग कोणी विचारातही घेतलेलं नसतं. अशा कामात बिम घुसवलं तर जे आधीच बांधून झालंय त्याचं सुंदर चित्र तेवढं तयार होईल.

म्हणून लहान बिल्डरला मी आधी बिम घ्या असं सांगणारच नाही. आधी ड्रॉइंगची एकच जागा ठरवा. क्लाउडवरचं एक फोल्डर पुरे. त्यात चालू आवृत्तीच राहील, जुनी ‘रद्द’ फोल्डरमध्ये जाईल. प्रत्येक ड्रॉइंगवर आवृत्ती क्रमांक, तारीख आणि ‘बांधकामासाठी’ असा शिक्का. साइटवरच्या प्रिंटवर क्यूआर कोड चिकटवला, की मुकादमानेही फोन धरून ही प्रिंट अजून चालू आहे की नाही बघावं. व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंग पाठवायचं नाही; पाठवायची तर लिंक. शिस्तीचं काम आहे, कंटाळवाणं आहे, कुठल्या प्रदर्शनात याचा स्टॉल लागत नाही. पण मोठ्या प्रकल्पांत ‘कॉमन डेटा एन्व्हायर्नमेंट’ म्हणून जे विकलं जातं, त्याचा गाभा हाच.

लेव्हल, रोव्हर आणि गोदावरी

पाण्याच्या पारदर्शक नळीने लेव्हल काढणारे मिस्त्री अजून आहेत, आणि एका खोलीपुरती ती नळी खोटं बोलत नाही. प्लॉटच्या हद्दी, कॉलमचे सेंटर यासाठी टोटल स्टेशन हे दुर्बिणीसारखं मोजणीयंत्र आलं, तेही आता जुनं झालं. नवीन आहे तो रोव्हर. काठीवर बसवलेलं हे यंत्र उपग्रहांचे सिग्नल घेतं आणि जमिनीवरच्या कायमस्वरूपी स्टेशनांकडून दुरुस्ती मागवून काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतं. भूमी अभिलेख विभागाची मोजणीही आता रोव्हरने होऊ लागली आहे.

नाशिककरांनी इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. गोदावरीच्या काठाला निळी आणि लाल पूररेषा आहे. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. पूररेषेच्या पातळ्या समुद्रसपाटीपासून मोजलेल्या असतात. रोव्हर मुळात जी उंची देतो ती समुद्रसपाटीपासूनची नसते, पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते, आणि आपल्या भागात या दोन्हींत दहा मीटरच्या कित्येक पट फरक पडतो. योग्य रूपांतर केलं नाही किंवा जवळच्या खात्रीच्या बेंचमार्कला, म्हणजे उंची ठरलेल्या खुणेला, जोडलं नाही, तर पडद्यावर तीन दशांश स्थळांपर्यंत छापलेला आकडा सपशेल चुकीचा असू शकतो. प्लिंथची, म्हणजे जोत्याची, पातळी पूररेषेच्या वर आहे असं कोणी रोव्हरचा कागद दाखवून सांगितलं, तर पहिला प्रश्न हा: बेंचमार्क कोणता?

ड्रोन उडवण्याआधी नकाशा बघा

ड्रोनचं काम खोदाईत छान होतं. तो वरून एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो काढतो, सॉफ्टवेअर त्यातून जमिनीचा त्रिमित पृष्ठभाग तयार करतं. खोदण्याआधीचा पृष्ठभाग आणि नंतरचा, दोन्हींतला फरक म्हणजे निघालेली माती. ३० बाय २० मीटरचा प्लॉट ३ मीटर खोदला तर १८०० घनमीटर, म्हणजे सुमारे ६३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पातळीत सगळीकडे १० सेंटिमीटरची चूक झाली तरी २१ ब्रासचा फरक पडतो. म्हणून जमिनीवर मोजून ठेवलेल्या खुणा, ज्यांना ग्राउंड कंट्रोल पॉइंट म्हणतात, त्या नसतील तर नुसत्या ड्रोनच्या आकड्यावर बिल काढू नये. खड्ड्यात पाणी साचलं असेल तर ड्रोन पाण्याचा पृष्ठभाग मोजतो, गवत वाढलं असेल तर गवताचा शेंडा.

नाशिकमधला मोठा वाद मात्र ब्रासच्या एकूण आकड्यावर होत नाही. वाद होतो तो मुरूम किती आणि काळा दगड किती यावर. वर माती, मग मऊ मुरूम, मग कडक, आणि खाली बेसॉल्ट. प्रत्येकाचा दर वेगळा, दगडाचा सगळ्यात जास्त. ड्रोनला घनफळ कळतं, थर कळत नाही. शेवटी एकदाच उडवून काही हाती लागणार नाही. थर बदलला की तिथे थांबायचं, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर उड्डाण करायचं, फाइलवर दोघांची सही घ्यायची. मग बिलाच्या वेळी आठवणींची लढाई होत नाही.

आणि परवानगी. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलंय. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, लालमध्ये केंद्र सरकारची लागते. इतर कुठल्या शहरात हे वाचून पुढे जाता आलं असतं. आपल्याकडे ओझरला विमानतळ आणि एचएएल, देवळालीला लष्कराचा तोफखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. साइट कुठल्या पट्ट्यात येते हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बघितल्याशिवाय ड्रोन पेटीतून काढूच नये. शिवाय पोलीस वेळोवेळी तात्पुरती बंदी घालतात. सिंहस्थाच्या गर्दीच्या दिवसांत तर ती गृहीतच धरा. लग्नाचं शूटिंग करणारा भाचा २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन घेऊन साइटवर धंद्याच्या कामासाठी आला, तर त्याच्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे का, हेही विचारावं लागतं.

थंडीतला स्लॅब

माझ्या दृष्टीने नाशिकसाठी सगळ्यात मोलाचं साधन काडेपेटीएवढं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. कॉंक्रीटमधला तापमान सेन्सर.

स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे, हा रोजचा प्रश्न. आयएस ४५६ हे कॉंक्रीटचं भारतीय मानक सांगतं: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४, पुढे २१. हे आकडे मिस्त्रीला तोंडपाठ असतात. पण त्याच कलमात नीट क्युरिंगशिवाय आणखी दोन अटी आहेत आणि त्या सहसा कोणी वाचत नाही. हवेचं तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल तर, आणि साधं पोर्टलंड सिमेंट वापरलं असेल तर. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा रात्री १० च्याही खाली जातो, निफाडकडे तर आणखी. आणि गोणीवर बघाल तर बहुतेक ठिकाणी पीपीसी, फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं, ज्याची सुरुवातीची ताकद सावकाश येते. म्हणजे मे महिन्यात बरोबर असलेले ७ दिवस जानेवारीत बरोबर असतीलच असं नाही.

घरात दही लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात चार तासांत लागतं, थंडीत रात्रभरातही लागत नाही. कॉंक्रीटचंही ताकद येणं तापमान आणि वेळ या दोन्हींवर चालतं. त्याचं ढोबळ गणित असं: शून्य अंश हा आधार धरला तर ३० अंशांवर २४ तास ठेवलेल्या कॉंक्रीटचे ७२० अंश-तास होतात, १५ अंशांवर ३६०. थंडीतले दोन दिवस म्हणजे उन्हाळ्यातला एक. या बेरजेला मॅच्युरिटी म्हणतात. सेन्सर स्लॅब भरण्याआधी सळईला बांधतात, तो आतलं तापमान नोंदत राहतो, फोन जवळ नेला की बेरीज दिसते आणि त्यावरून ताकदीचा अंदाज.

हा अंदाज येतो कुठून? तुमच्याच मिक्सचे १५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, प्रयोगशाळेत वेगवेगळ्या दिवशी फोडून आधी तक्ता बनवावा लागतो. सिमेंटचा ब्रँड बदलला, कॉंक्रीटमध्ये मिसळायचं रसायन, म्हणजे अ‍ॅडमिक्श्चर बदललं, की तक्ता नव्याने. दुकानदार सेन्सर विकतो तेव्हा हे सांगतोच असं नाही.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. ट्रान्झिट मिक्सर ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आला, कॉंक्रीट घट्ट झालं, आणि कोणीतरी ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडला, तर ताकद कमी होते. सेन्सरला ते कळत नाही. त्याला फक्त तापमान कळतं, तो खुशाल हिरवा दिवा दाखवेल. व्हायब्रेटर नीट फिरला नाही, खाली हनीकॉम्ब, म्हणजे पोकळ जाळी, राहिलं, तेही त्याला कळत नाही. म्हणून क्यूब फोडणं बंद करायचं नाही. आणि आरएमसी प्लांटची कॉम्प्युटरवरून छापलेली बॅच स्लिप जपून ठेवायची. प्रत्येक गाडीत सिमेंट, वाळू, खडी, पाणी किती गेलं आणि गाडी कधी भरली, हे सगळं त्यावर असतं. गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी व्हावी असं आरएमसीचं मानक आयएस ४९२६ म्हणतं. ही स्लिप बऱ्याच साइटवर चलनाला टाचून ऑफिसात धूळ खाते. तिचा फोटो त्या मजल्याच्या फोल्डरमध्ये गेला, तर कोणत्या कॉलममध्ये कोणत्या गाडीचं कॉंक्रीट आहे हे पाच वर्षांनीही सांगता येईल.

हजेरी

चेहरा ओळखणाऱ्या हजेरीच्या मशीनबद्दल मजुरांत राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. दहा मिनिटं उशीर झाला की अर्धी हजेरी कापायला ते बरं पडतं. पण त्याच नोंदीचा एक उपयोग मालक क्वचितच करतात. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. पेठ-सुरगाण्याहून आलेला बिगारी तीन साइटवर, तीन मुकादमांकडे काम करतो. एकाकडेही ९० दिवस भरत नाहीत, आणि मागचे मुकादम फोन उचलत नाहीत. हजेरीची मशीन आहे तर महिन्याच्या शेवटी प्रत्येकाला त्याच्या दिवसांचा सहीशिक्क्याचा कागद द्यायला काय हरकत आहे? मजुराच्या चेहऱ्याची नोंद घ्यायची आणि त्याच्या हक्काची नोंद त्याला द्यायची नाही, हे मला पटत नाही.

घर छापणाऱ्या थ्रीडी प्रिंटरबद्दल थोडक्यात. बेंगळुरूत २०२३ मध्ये अशा पद्धतीने बांधलेलं पोस्ट ऑफिस सुरू झालं, त्यामुळे हे होतं यात शंका नाही. पण छापल्या जातात त्या भिंती. नाशिकच्या सात मजली इमारतीचा वेळ जातो स्लॅब, सळई, प्लंबिंग आणि फिनिशिंगमध्ये. ते यंत्र तूर्त बघायला जावं, विकत घ्यायला नको.

सुरुवात कुठून

पुढच्या कामाची वर्क ऑर्डर लिहिताना चार ओळी वाढवा. आर्किटेक्टला: स्टिल्ट आणि टिपिकल (वर पुन्हा पुन्हा तसाच येणारा) मजला, या दोनांचंच एकत्रित मॉडेल, त्याची वेगळी फी, आणि ती प्लिंथच्या आधी देय. सगळ्या इमारतीचं मॉडेल मागू नका. टक्कर होते ती मुख्यतः पार्किंगच्या छताला आणि संडासांच्या संक, म्हणजे खाली उतरवलेल्या, स्लॅबला, आणि टिपिकल मजल्यातली एक चूक सात वेळा बांधली जाते. कॉन्ट्रॅक्टरला: फोल्डरमधल्या चालू आवृत्तीखेरीज दुसऱ्या ड्रॉइंगवर केलेलं काम त्याच्या खर्चाने तोडलं जाईल. बिल्डरने स्वतःला: स्लॅबच्या १० दिवस आधी ड्रॉइंग गोठेल, नंतरचा बदल स्वतःच्या खर्चाने. ही तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जड जाते, कारण ऐनवेळी बदल बहुधा तिथूनच येतात. फ्लॅट विकला जातो, ग्राहकाला किचन तिकडे हवं असतं.

चौथी ओळ प्लास्टरच्या आधीची. भिंतीतल्या पाइप आणि वायरिंगचे प्रत्येक खोलीचे फोटो, ३६० अंशांचा कॅमेरा असेल तर उत्तम, नसेल तर भिंतीला मोजमापाची टेप धरून साध्या फोनवर काढलेले. ते फ्लॅट नंबरप्रमाणे साठवायचे आणि ताबा देताना चावीसोबत द्यायचे. रेरा कायद्याप्रमाणे ताब्यानंतर ५ वर्षांत निघालेले बांधकामातले दोष बिल्डरने विनामोबदला दुरुस्त करायचे असतात, त्यामुळे गळती कुठून आहे हे भिंत न फोडता कळणं त्याच्याही फायद्याचं. घर घेणाऱ्यांनी जाहिरातीवरचा महारेराचा क्यूआर कोड स्कॅन करून प्रकल्पाची तिमाही प्रगती बघायची सवय लावून घेतली आहेच. आता करारनाम्याच्या वेळी हे फोटोही मागावेत. प्लास्टर झाल्यावर ते काढता येत नाहीत.